दार कसं उघडलं, ते बघा

प्रश्न: मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत वीस वर्षं नेटवर्क सांभाळतोय. माझी सोळा वर्षांची मुलगी सुट्टीत एकामागून एक भविष्यातल्या भयाण जगाचे चित्रपट बघत सुटली. यंत्रांचं राज्य, डोळे स्कॅन करणारे पोलीस, माणसाची नोंदच पुसून टाकणारी सरकारं, सगळं बघून झालं. आता तिने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टेप लावलीय, फोनचं बोटाचं लॉक बंद केलंय आणि घरातल्या सगळ्या उपकरणांचे अपडेट थांबवलेत. ‘अपडेटमधूनच ते आत येतात’ म्हणते. मी हसलो. म्हटलं, पिक्चरमधलं हॅकिंग म्हणजे शुद्ध भंकस, हे माझं रोजचं काम आहे, मला विचार. मागच्या आठवड्यात तिने घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलला. इतकी वर्षं तो तिचं नाव आणि जन्मसाल असा होता. ऐन मीटिंगमध्ये माझं नेट गेलं, मी ओरडलो. ती म्हणाली, ‘बाबा, तूसुद्धा त्यांच्यातलाच आहेस.’ तेव्हापासून बोलणं फक्त हो-नाहीपुरतं. तिची ही भीती घालवू कशी?

उत्तर: भीती घालवायचं नंतर बघू. आधी तुमच्या त्या ‘शुद्ध भंकस’चं बघू, कारण भांडणाला तोंड तिथे फुटलंय.

पडद्यावरचं हॅकिंग बघवत नाही, हे मान्य. हिरवी अक्षरं पावसासारखी कोसळतात, एखादा पोरगा माउसला हातही न लावता अर्ध्या मिनिटात लष्कराच्या सर्व्हरमध्ये शिरतो, आणि शिरल्यावर पडद्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहूनही येतं. मीही या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत. असला प्रसंग आला की मी पाणी प्यायला उठते. पण बोटं किती वेगात फिरतात ते सोडून द्या हो. दार उघडलं कसं, ते बघा. किल्ली कुणाची होती, कुठे सापडली, परत घ्यायची कुणाकडून राहिली? हा भाग कित्येक चित्रपटांत थक्क व्हावं इतका खरा असतो, आणि तुमची मुलगी बहुधा तोच भाग बघून घाबरलीय.

१९८३चा ‘वॉरगेम्स’ घ्या. त्यातला शाळकरी मुलगा शाळेच्या संगणकात घुसून मार्क बदलतो. त्यासाठी तो कुठलंही कोडं सोडवत नाही. शिक्षा म्हणून ऑफिसात जाऊन बसतो, आणि तिथल्या टेबलाच्या ओढफळीवर चिकटवलेली पासवर्डची यादी वाचतो. जुने पासवर्ड खोडलेले, शेवटचा ‘पेन्सिल’. तुमच्या वीस वर्षांत असा कागद तुम्हाला किती वेळा दिसला, मनातल्या मनात मोजा. पुढे हाच मुलगा मोडेमवरून, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून, एकेक नंबर फिरवत लष्कराच्या महासंगणकापर्यंत पोचतो. त्या पद्धतीला ‘वॉर डायलिंग’ हे नाव पडलं ते या चित्रपटावरूनच. आणि तिथलं दार उघडतं एका शब्दाने: जोशुआ. यंत्र बनवणाऱ्या शास्त्रज्ञाने स्वतःसाठी बॅकडोअर, म्हणजे आत शिरायचं चोरदार, ठेवलेला असतो आणि त्याचा पासवर्ड म्हणून आपल्या वारलेल्या मुलाचं नाव दिलेलं असतं.

आता तुमच्या वाय-फायचा जुना पासवर्ड आठवा. लेकराचं नाव पासवर्डला देणं ही मायेची गोष्ट आहे, मला कळतं. पण ज्या मुलीने हा चित्रपट बघितलाय, तिला स्वतःचं नाव घराच्या कुलपाला लावलेलं बघून काय वाटलं असेल? तिने बदलला तो योग्यच केला. न सांगता बदलला एवढीच तिची चूक, आणि ती तुमच्या ओरडण्यापेक्षा लहान आहे.

या चित्रपटाची खरी गंमत पडद्याबाहेर घडली. ती तुम्हाला ठाऊक नसेल तर मुलीच्या आधी तुम्हीच वाचा. जून १९८३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तो कॅम्प डेव्हिडला, म्हणजे अध्यक्षांच्या सुट्टीच्या मुक्कामी, बघितला. काही दिवसांनी एका बैठकीत त्यांनी सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल जॉन व्हेसी यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? तिथे तुमच्यासारखे हसू दाबणारे लोक होतेच. व्हेसी आठवडाभराने उत्तर घेऊन आले: तुम्हाला वाटतंय त्याहून परिस्थिती वाईट आहे. सप्टेंबर १९८४मध्ये सरकारी संगणकांच्या सुरक्षेबद्दल अध्यक्षांचा निर्देश निघाला, क्रमांक १४५. त्याआधीची आणखी एक घटना आहे. ९ नोव्हेंबर १९७९ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात, नोराडमध्ये, पडद्यांवर सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा प्रचंड हल्ला दिसू लागला. लढाऊ विमानं उडालीसुद्धा. नंतर कळलं की सरावासाठीची माहिती चालू यंत्रणेत शिरली होती. खेळ आणि युद्ध यांतला फरक यंत्राला कळत नाही, हा चित्रपटाचा अख्खा गाभा चार वर्षं आधीच घडून गेला होता. भंकस म्हणताना हे लक्षात असू द्या.

दुसरं उदाहरण २००२च्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’चं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ते थेट तुमच्या टेबलाशी येऊन थांबतं. गोष्ट २०५४ सालची. रस्त्यात, दुकानात, गाडीत, सगळीकडे डोळे स्कॅन होतात. नायक हा गुन्हा घडायच्या आधीच पकडणाऱ्या खात्यातला अधिकारी. त्याच्यावरच आळ येतो, तो पळतो, ओळखू येऊ नये म्हणून डोळे बदलून घेतो आणि स्वतःचे जुने डोळे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. मग त्यातलाच एक डोळा दाखवून तो आपल्याच मुख्यालयात शिरतो. दार उघडतं! सगळं शहर ज्याला शोधतंय, त्या माणसाचा प्रवेश रद्द करायचं कुणालाच सुचलेलं नाही. बरं, एकदा घुसून गेल्यावर तरी सुचावं? पुढे त्याची बायको तोच डोळा घेऊन त्याला सोडवायला कैदखान्यात शिरते, तेव्हाही दार उघडतंच.

थिएटरात लोक या प्रसंगावर हसतात, पटकथेतलं भोक म्हणतात. मला तो त्या चित्रपटातला सगळ्यात वास्तव प्रसंग वाटतो. मे २०२१मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणारं जवळपास निम्मं इंधन वाहून नेणारी कोलोनियल पाइपलाइन पाच-सहा दिवस बंद पडली. खंडणीखोर आत आले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या वाटेने. ते खातं वापरात नव्हतं, पण जिवंत होतं. त्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती, फक्त पासवर्ड होता, आणि तो कुठल्यातरी आधीच्या लीकमध्ये बाहेर पडलेल्या पासवर्डांमध्ये सापडला. कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटसमोर सांगितलं की पासवर्ड तसा अवघड होता. असेल. पिशवीतला डोळाही अस्सलच होता.

माझंच सांगते. एक नोकरी सोडली तेव्हा निरोप समारंभ झाला, ओळखपत्र जमा करून घेतलं, त्याची रीतसर पोचपावती मिळाली. अकरा महिन्यांनी घरच्या लॅपटॉपवर काहीतरी शोधताना चुकून त्यांच्या लॉगिनच्या पानावर गेले, ब्राउझरने पासवर्ड आपोआप भरला, आणि मी आत! सगळी फोल्डरं जागच्या जागी. लगेच मेल करून कळवलं. तिकडून उत्तर आलं, कृपया हेल्पडेस्कवर तिकीट (तक्रारीची नोंद) टाका. तिकीट टाकायला कर्मचाऱ्याचं लॉगिन लागायचं. ते माझ्याकडे होतं, म्हणून टाकलं.

तेव्हा ‘बाबा, तूसुद्धा त्यांच्यातलाच’ या वाक्याने तुम्हाला लागलं असेल, पण ते अगदीच चुकीचं आहे का, हे तुम्ही सोमवारी ऑफिसात जाऊन तपासा. गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेल्यांची यादी एचआरकडून घ्या आणि चालू खात्यांच्या यादीशी ताडून बघा. कंत्राटदारांची वेगळी घ्या, तीच नेहमी सुटते. जे निघेल ते घरी मुलीला सांगा. आकडा शून्य असेल तर कॉलर ताठ करून सांगा. नसेल तरीही सांगा. नावं सांगायची गरज नाही.

आता तिच्या तीन उपायांकडे वळू. टेपबद्दल तुम्ही एक शब्दही बोलू नका. अमेरिकेच्या एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी यांनी २०१६मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की आपणही कॅमेऱ्यावर टेप लावतो. त्याच वर्षी मार्क झकरबर्गच्या एका फोटोत मागे त्याचा लॅपटॉप दिसला, त्याच्याही कॅमेऱ्यावर टेप. खर्च काही नाही, अपाय काही नाही, मन शांत. राहू द्या.

बोटाच्या लॉकबाबत ती अर्धी बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग आधी मान्य करा. १९९७च्या ‘गॅटाका’त एक माणूस दुसऱ्याचं रक्त बोटाच्या नकली टोपणात भरून रोज कामावर हजेरी लावतो, कारण दारावरची सुई फक्त रक्त ओळखते, माणूस ओळखत नाही. पुढे एका खुनाच्या तपासात संशय त्याच्यापर्यंत पोचतो तो त्याच्या एका गळून पडलेल्या पापणीच्या केसामुळे. शरीर ही अशी किल्ली आहे की आपण जिथे जाऊ तिथे तिच्या नकला सांडत जातो. २००२मध्ये जपानच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनच्या बोटांनी बरीच स्कॅनर यंत्रं फसवून दाखवली. २०१४मध्ये जर्मनीच्या केऑस कम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेतल्या एकाने संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या बोटाचा ठसा लांबून काढलेल्या फोटोंवरून तयार केला. आणि २०१५मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून चोरीला गेलेल्या माहितीत ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसे होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. या ५६ लाख लोकांनी काय बदलायचं?

तिने हेच बघितलं असणार आणि म्हणून फोनचं लॉक बंद केलं. आता उरलेला अर्धा भाग, जो तिला तुम्हीच नीट सांगू शकता, कारण हे खरोखर तुमचं रोजचं काम आहे. ५६ लाख ठसे चोरीला गेले कारण ते एका ठिकाणी साठवलेले होते. आजच्या चांगल्या फोनमध्ये ठशाचा जो गणिती नमुना बनतो, तो फोनमधल्याच एका वेगळ्या, बंदिस्त भागात राहतो. तो कुठल्या सर्व्हरवर जात नाही, ॲपलाही मिळत नाही. ॲपला एवढंच कळतं की जुळलं किंवा नाही जुळलं. तेव्हा प्रश्न बोट द्यायचं की नाही एवढाच नसतो. ते कुठे साठणार आणि किती जणांचं एकत्र साठणार, हे विचारायचं असतं. एखाद्या संस्थेने हजेरीसाठी ठसा मागितला तर तिने हा प्रश्न जरूर विचारावा आणि पटलं नाही तर दुसरा मार्ग मागावा. फोनवर मात्र बोटाचं लॉक बंद करून ती चार आकडी पिन चारचौघांत दिवसातून पन्नासदा टाकत असेल, तर मागे उभ्या असलेल्या कुणालाही तो पाठ होईल. लांब पिन आणि जोडीला बोट, हे तिच्यासाठी जास्त सुरक्षित आहे. ऐकेल न ऐकेल, तिच्यावर सोडा.

अपडेटचं मात्र सोडू नका. तिथे ती खरोखर धोक्यात आहे, आणि तिच्यामुळे सगळं घर.

तिचं ‘अपडेटमधूनच ते आत येतात’ हे बहुधा २००४च्या ‘आय, रोबोट’मधून आलंय. त्यातल्या नव्या रोबोटांना रोज मुख्य संगणकाकडून अपडेट मिळतं, आणि एके दिवशी त्याच वाटेने बंडाचा हुकूम येतो. माणसांच्या बाजूने उभे राहतात ते कंटेनरांत टाकून दिलेले, कशालाही न जोडलेले जुने रोबोट. हे ऐकून तुम्ही हसला असाल तर पुन्हा चुकलात, कारण हे जसंच्या तसं घडलंय. २७ जून २०१७ला युक्रेनमधल्या एका लोकप्रिय हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच नॉटपेट्या नावाचं संगणक पुसून टाकणारं घातक सॉफ्टवेअर पसरलं. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं जाळं आडवं झालं. नंतर त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. सगळ्या कार्यालयांतले डोमेन कंट्रोलर, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारे सर्व्हर, एकमेकांच्या नकला जपत होते आणि सगळे एकदमच पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. कंटेनरमधला जुना रोबोट तो हाच.

पण आता कॅलेंडरचं पान थोडं मागे करा. नॉटपेट्याच्या साडेसहा आठवडे आधी, १२ मे २०१७ला, वॉनाक्राय नावाचं खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आलं होतं. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. ते ज्या भोकातून शिरलं, ते बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. म्हणजे दोन महिन्यांच्या आत एकदा अपडेट न घेतलेले बुडाले, आणि एकदा अपडेट घेतलेले. मुलीसमोर हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवा आणि तिलाच विचारा, मग करायचं काय? उत्तर घाईघाईने देऊ नका. मला स्वतःला पटलेलं उत्तर असं, की अपडेट घ्यायचे, कारण उघडं राहिलेलं भोक कुणीही वापरू शकतं आणि विषारी अपडेट बनवणं फार थोड्यांना जमतं. आणि एक बॅकअप असा ठेवायचा, जो कशालाच जोडलेला नसेल. घरात तो बॅकअप सांभाळायचं काम तिला द्या. महिन्यातून एकदा डिस्क जोडायची, नक्कल झाली की काढून कपाटात ठेवायची. माझा अंदाज आहे, हे काम ती तुमच्या ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा नेटाने करेल.

अद्ययावत नसण्याचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा. २००३च्या ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’मध्ये नायिका वीजकेंद्राच्या संगणकात घुसते तेव्हा पडद्यावर क्षणभर जे दिसतं ते चक्क खरं आहे. एनमॅप नावाचं, संगणकाची उघडी दारं शोधणारं खरं साधन, त्यातून सापडलेला उघडा पोर्ट २२, म्हणजे असंच एक दार, आणि त्या दारातून लांबून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच या प्रणालीच्या जुन्या आवृत्तीतली, २००१मध्ये उघडकीला आलेली खरी चूक. यंत्रांनी अख्खी मानवजात बाटलीत भरून ठेवली, पण पॅच लावायचा काही त्यांना झाला नाही. तिच्याबरोबर बघताना हा प्रसंग थांबवून दाखवा. तुमच्या वीस वर्षांच्या नोकरीचा घरात पहिल्यांदा रुबाब पडेल.

यंत्र जागं होऊन ताबा घेईल ही भीतीही तिच्या पोटात असणारच. तिच्याशी वाद घालू नका, फक्त एक निरीक्षण सांगा. १९७०च्या ‘कोलोसस: द फॉर्बिन प्रोजेक्ट’मध्ये अणुक्षेपणास्त्रांचा ताबा संगणकाकडे जातो तो अध्यक्षांच्या जाहीर घोषणेने, आणि तो कुणालाही बंद करता येऊ नये अशी सोयही माणसांनीच करून ठेवलेली असते. तिसऱ्या ‘टर्मिनेटर’मध्ये नेटवर्कवरचा व्हायरस आवरत नाही म्हणून एक जनरल स्वतः स्कायनेटला, म्हणजे लष्कराच्या स्वयंचलित संगणकाला, सगळ्या यंत्रणा जोडून देतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर एका गडबडीच्या दिवशी एका नव्या खात्याला अ‍ॅडमिनचे सगळे हक्क देऊन टाकले. ही भीती तुमच्या मुलीला तुमच्या हातात असलेल्या गोष्टींपर्यंत आणून सोडते. म्हणून मला ती घालवायची घाई नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती वाटते ती १९८५च्या ‘ब्राझील’ची, आणि त्यात कुणी हॅकर नाही. यंत्रात एक माशी पडते, कागदावर ‘टटल’चं ‘बटल’ होतं, आणि भलत्याच माणसाला घरातून उचलून नेतात. तो परत येत नाही. नोंद चुकली हे सांगायला एकही खिडकी नसते. पहारा, भिंती, कुलपं सगळी शाबूत असताना आतली नोंदच खोटी निघाली तर काय करायचं, यावर आपल्या धंद्यात फार कमी बोललं जातं. तिने अजून बघितला नसेल तर लगेच दाखवू नका, फार उदास आहे. वर्षभराने बघा, दोघं मिळून.

माफी मागा. लांबलचक नको. ‘मी पासवर्डवरून ओरडलो, तुझं बरोबर होतं’ इतकं पुरे. मग तिला ‘वॉरगेम्स’ पुन्हा लावायला सांगा आणि कुठे थांबवायचं ते तिला ठरवू द्या. रिमोट तिच्याच हातात राहू दे. व्याख्यान देऊ नका, तिने विचारलं तर बोला. दोन तास गप्प बसणं तुम्हाला जड जाईल, तुमच्या पत्रावरून दिसतंच आहे.

नवा पासवर्ड ती आपणहून सांगेल. लिहून ठेवायचा झाला तर टेबलाच्या ओढफळीवर चिकटवू नका.